आयपीकॅल्क वापरताना या चुका टाळा

आयपीकॅल्क हा आयपी पत्त्यावरून नेटवर्कची हद्द काढून देणारा छोटा प्रोग्राम. टर्मिनलवर त्याला १९२.१६८.१०.७७/२७ हा पत्ता दिला (/२७ हा प्रीफिक्स, म्हणजे पत्त्याचे पहिले २७ बिट नेटवर्कचे) की लगेच उत्तर येतं: मास्क (तोच प्रीफिक्स आकड्यांत लिहिलेला) २५५.२५५.२५५.२२४, नेटवर्क १९२.१६८.१०.६४, ब्रॉडकास्ट (सगळ्यांना एकदम निरोप धाडायचा पत्ता) १९२.१६८.१०.९५, होस्ट (मशीनना देता येणारे पत्ते) ६५ ते ९४. गणित बरोबर असतं. तरीही त्यावरून मांडलेलं नेटवर्क अडतं, कारण बहुतेक वेळा प्रश्न अर्धवट विचारलेला असतो किंवा उत्तरातली भलतीच ओळ उचललेली असते.

सगळ्यात आधी आपल्याकडे कोणतं आयपीकॅल्क आहे ते बघा. डेबियन आणि उबुंटूवर मिळणारं पर्ल भाषेतलं आहे. फेडोरा आणि रेड हॅटवरचं सी भाषेतलं, पूर्ण वेगळं. नाव एकच, पर्याय वेगळे. ‘-बी’ दिलं तर पहिलं बायनरी रांगा लपवतं, दुसरं ब्रॉडकास्ट पत्ता छापतं. ‘-एन’ने पहिल्यात रंग जातात, दुसऱ्यात नेटवर्क पत्ता मिळतो. नेटवर्कचे तुकडे पाडणारं ‘स्प्लिट’ तर फारच फसवं आहे: पर्लवाल्याला होस्टची संख्या द्यायची असते, सीवाल्याला प्रीफिक्स. म्हणजे २६ हाच आकडा एकीकडे ‘२६ मशीन’ आणि दुसरीकडे ‘/२६चे तुकडे’ असा वाचला जातो. एका सर्व्हरवरची स्क्रिप्ट दुसरीकडे नेण्याआधी तिथलं मदतपान वाचाच.

होस्टच्या आकड्यावर विसंबू नका. /२७ला ३० होस्ट दिसतात म्हणून ३० संगणकांच्या लॅबला तेवढं पुरेल असं वाटतं. पण गेटवेलाही (बाहेरची वाट देणाऱ्या राउटरला) त्यातलाच एक पत्ता लागतो, मग उरतात २९. प्रिंटर, अ‍ॅक्सेस पॉइंट, मॅनेज्ड स्विच हेही मोजायचे असतात. अशा वेळी /२६ घ्या. क्लाउडवर हिशोब आणखी बदलतो: अ‍ॅमेझॉनची क्लाउड सेवा एडब्ल्यूएस प्रत्येक सबनेटमधले (नेटवर्कच्या तुकड्यातले) पहिले चार आणि शेवटचा असे पाच पत्ते स्वतःकडे ठेवतं. त्यामुळे /२८ला आयपीकॅल्क १४ म्हणेल, हाती येतील ११. उलट बाजूने, दोन राउटरमधल्या थेट लिंकला /३० वापरून दोन पत्ते वाया घालवायची गरज नाही. आरएफसी ३०२१ या इंटरनेट मानकानुसार २००० सालापासून तिथे /३१ चालतं.

‘वाइल्डकार्ड’ (मास्क उलटा करून येणारा आकडा) ही ओळ मास्क म्हणून उचलू नका. /२७चं वाइल्डकार्ड ०.०.०.३१, ते सिस्को राउटरच्या अ‍ॅक्सेस लिस्टसाठी (कोणाला सोडायचं, कोणाला अडवायचं त्या यादीसाठी), इंटरफेससाठी नव्हे. पर्लचं आयपीकॅल्क उलटा मास्कही निमूटपणे स्वीकारतं, म्हणून ही चूक तिथे दिसत नाही.

रूट (कोणत्या नेटवर्ककडे कुठून जायचं ती वाट) टाकताना मशीनचा पत्ता नको, ‘नेटवर्क’ ओळीतला पत्ता हवा. लिनक्सवर १९२.१६८.१०.७७/२७ असा रूट दिला तर कर्नल तो नाकारतो. नाकारलं तर बरंच, चूक जागीच कळते. ऑक्टेटच्या (पत्त्यातल्या चार आकड्यांपैकी एकेकाच्या) पुढे शून्य लावायची सवयही सोडा: अनेक प्रोग्राम ०१० हा आकडा अष्टमान पद्धतीने, म्हणजे ८ असा वाचतात आणि आपण भलत्याच मशीनला पिंग करत बसतो.

आता खरी डोकेदुखी. दोन मशीन एकाच स्विचवर आहेत, केबल ठीक आहे, फायरवॉल बंद आहे, तरी पिंगला उत्तर नाही. अशा वेळी दोन्हीकडे पत्ता आणि मास्क बघा आणि प्रत्येक जोडी वेगवेगळी आयपीकॅल्कला द्या. समजा एकीकडे १९२.१६८.१०.२०/२४ आहे, दुसरीकडे १९२.१६८.१०.७७/२७. पहिल्याचं नेटवर्क येतं १९२.१६८.१०.०, दुसऱ्याचं १९२.१६८.१०.६४. पहिल्याच्या दृष्टीने दुसरं शेजारीच आहे, म्हणून ते थेट एआरपीने (त्याच नेटवर्कवर ‘हा पत्ता कोणाचा?’ अशी हाक देऊन) विचारतं. दुसऱ्याच्या दृष्टीने पहिलं बाहेरचं, म्हणून ते उत्तर गेटवेकडे पाठवतं. गेटवे नसेल किंवा त्याने ते पुढे धाडलं नाही, तर उत्तर तिथेच हरवतं. आणि गेटवेने पोचवलं तर सगळं कसंबसं चालत राहतं, दोष महिनोन्‌महिने लपतो. दोन्हीकडच्या ‘नेटवर्क’ ओळी जुळल्या नाहीत तर इतर काही तपासण्याआधी मास्क दुरुस्त करा.

खाजगी, म्हणजे फक्त आतल्या नेटवर्कपुरत्या पत्त्यांबद्दल एक गोष्ट पक्की ठेवा. १७२ने सुरू होणारं सगळंच खाजगी नसतं. हद्द १७२.१६.०.० ते १७२.३१.२५५.२५५ एवढीच, १७२.३२ सार्वजनिक आहे.

सबनेट ठरलं तरी ते मोकळं आहे का, हे आयपीकॅल्कला ठाऊक नसतं. डॉकर (कंटेनर चालवणारा प्रोग्राम) आपल्या ब्रिजसाठी, म्हणजे आतल्या आभासी नेटवर्कसाठी, सहसा १७२.१७.०.०/१६ घेतं. ऑफिसचं नेटवर्कही त्याच पट्ट्यात असेल, तर डॉकर सुरू होताच त्या मशीनवरून ऑफिसचे सर्व्हर गायब होतात. घरच्या राउटरचं १९२.१६८.१.०/२४ आणि व्हीपीएनपलीकडचं तेच, हीसुद्धा नेहमीची टक्कर. म्हणून नवं सबनेट लावण्यापूर्वी ‘आयपी रूट’ची यादी काढा आणि त्यातली प्रत्येक ओळ आयपीकॅल्कमधून घालून होस्टची पहिली-शेवटची हद्द नव्या सबनेटशी ताडून बघा.