दांडी कुणाची, मशीनची की केसची?

खिशातल्या जुन्या घड्याळाचं मशीन एका केसमधून, म्हणजे बाहेरच्या धातूच्या डबीतून, काढून दुसरीत बसवणं हे हात बसलेल्या माणसाला पंधरा मिनिटांचं काम. माझा हात बसायला दोन पावसाळे गेले, आणि तेवढ्यात खानापूरकडच्या एका घरातल्या डायलला कायमची चीर पडली. ती कशी पडली ते मी लांबण लावून सांगणार आहे. भिंग, चिमटा, खाचेत नेमका बसणारा स्क्रू ड्रायव्हर ही तयारी तुमच्याकडे असेलच.

आमच्या बेळगावात अशी घड्याळं येतात ती बहुतेक फौजी घरांतून, नाहीतर रेल्वेत नोकरी केलेल्यांच्या पेटीतून. पुष्कळदा चांदीची केस अडचणीच्या वर्षी सराफाकडे मोडलेली असते आणि मशीन नुसतंच फडक्यात गुंडाळलेलं. त्याला घर शोधून द्यायचं असतं.

मी शिकले वेस्ट एंड कंपनीच्या घड्याळांवर. स्विस मशीन. त्यात बटणाची दांडी, म्हणजे चावी भरायच्या बटणापासून आत जाणारी बारीक सळई, मशीनच्या ताब्यात असते. दांडीजवळचा बारीक स्क्रू एक-दीड फेरा सैल केला की दांडी बटणासकट हातात येते. स्क्रू जास्त उलगडला तर आतला खटका सुटून डायलखाली पडतो, मग डायल उतरवल्याशिवाय सुटका नाही. एवढं सांभाळलं की झालं, अशी माझी पक्की समजूत होती.

मग एक वॉल्थम आलं. अमेरिकन, 16 साइझ, म्हणजे साधारण 43 मिलिमीटर. दांडीचा स्क्रू शोधला, सापडला नाही. म्हटलं, नसेल. केसचे दोन स्क्रू काढले आणि मागून अंगठ्यानं दाबलं. अडलं. अजून दाबलं. नखानं कपाला टिचकी मारावी तसा बारीक आवाज झाला. डायलवर चारच्या आकड्यापासून सेकंदाच्या छोट्या डायलपर्यंत केसाएवढी रेघ. तांब्याच्या पत्र्यावर भाजलेला काचेचा थर तो. वाकला की तडकतो, आणि परत जुळत नाही.

घड्याळाच्या मालक आजोबांनी ते हातात घेतलं, उन्हाकडे धरलं आणि एवढंच म्हणाले, "आमच्या बानं लढाईतनं सांभाळून आणलंतं की हे." मी आजही ते वाक्य विसरलेले नाही.

चूक कुठे झाली? अशा बहुतेक अमेरिकन घड्याळांत दांडी मशीनची नसते, केसची असते. तिचं चौकोनी टोक मशीनमध्ये शिरलेलं असतं. बटण बाहेर ओढलं की टोक मागे सरतं आणि मशीन मोकळं होतं. मी बटण ओढलंच नव्हतं. म्हणून कुठलंही घड्याळ उघडलं की आधी हाच प्रश्न विचारा, दांडी कुणाची? क्रमही यावरूनच ठरतो. दांडी केसची असेल तर मशीन बाहेर आल्यावर धरायला बटणच उरत नाही, म्हणून कमानीचा, म्हणजे चावी भरल्यावर गुंडाळल्या जाणाऱ्या स्प्रिंगचा, ताण आतच उतरवायचा. बटण चिमटीत घट्ट धरा, कमानीला उलट फिरू न देणारा खटका (हा दांडीच्या खटक्याहून वेगळा) लाकडी काडीनं मागे घ्या आणि बटण बोटांतून हळूहळू फिरू द्या. ताण संपला की मग बटण ओढा. त्यानंतरच केसचे स्क्रू. एखाद्या स्क्रूचं डोकं अर्धंच दिसलं तर तो तुटलेला नाही, तसाच बनवलेला आहे. सपाट बाजू केसच्या कडेकडे फिरवली की काम होतं.

आपल्याकडच्या पावसानं दांडी गंजून बसते. ओढू नका. तेलाचा एक थेंब सोडा आणि रात्रभर ठेवा. घाई करायला सांगणाऱ्या व्हिडिओंवर माझा अजिबात विश्वास नाही. आणि तुमच्या हातातून मशीन काढून घेऊन स्वतःच करून दाखवणाऱ्या उस्तादावर तर त्याहून नाही. गणपत गल्लीतले माझे मामा हात पाठीमागे बांधून उभे राहायचे आणि विचारायचे, "आता काय करायलीस, सांग बघू?" सांगता आलं नाही तर ड्रायव्हर खाली ठेवायला लावायचे.

दुसरी केस बसवताना घाबरू नका. त्या काळी अमेरिकन मशीन आणि केस दुकानात वेगवेगळी विकली जात, गिऱ्हाईक निवडेल ती जोडी. पण झाकणवाल्या केसचं मशीन उघड्या केसमध्ये घातलं तर बटण बाराऐवजी तीनच्या आकड्यापाशी येतं. मालकाला आधी सांगा. जुन्या चमकत्या काट्यांवरचा रंग खरवडू नका, तो रेडियमचा असू शकतो.

नव्या केसमध्ये बसवलं, बटण दाबलं आणि चावी भरण्याऐवजी काटेच फिरले, तर मशीन बिघडलंय असं समजून रडू नका. मी रडले होते. दांडी पुरेशी आत पोचत नाही, इतकंच. बटणाच्या नळीत एक आटे असलेली बाही असते, ती तिच्या खास पान्यानं अर्धा फेरा आत घ्या. चावी भरते पण काटे हलत नाहीत, असं झालं तर अर्धा फेरा बाहेर. पाव पाव फेऱ्यानं पुढे-मागे करत राहा. बटण आत जाताना बोटाला एक हलका टप्पा जाणवतो, तिथे थांबा.