ओटा बसला, आता सांधे भरा

मिस्त्री जाताना ग्रॅनाइट आणि भिंतीच्या टाइल्समधल्या फटीत व्हाइट सिमेंट भरून देतो. ते नको. ओटा आणि भिंत वेगवेगळे हलतात, त्यामुळे सिमेंटला तडा जातो, पाणी आत मुरतं आणि खालच्या ट्रॉल्यांचं प्लाय फुगतं. तिथे ट्यूबमधून मिळणारं, रबरासारखं लवचीक राहणारं सिलिकॉनच हवं, तेही न्यूट्रल (आंबट वास नसलेलं) आणि बुरशीरोधक. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन दगडावर डाग पाडू शकतं.

आधी फट खरवडून साफ करा आणि पूर्ण कोरडी होऊ द्या. काम बिघडतं ते बहुतेक इथेच, कारण ओलसर, धुळकट जागी सिलिकॉन धरत नाही. फटीच्या दोन्ही बाजूंना मास्किंग टेप लावा. ट्यूबचं नोझल तिरकं, ४-५ मिमी कापा आणि सिलिकॉनची रेघ न थांबता एका दमात ओढा. साबणाच्या पाण्यात बुडवलेलं बोट हलकेच फिरवा आणि साय धरायच्या आत टेप काढा. उशीर झाला तर कड फाटते. पुढचे २४ तास पाणी नाही.

शेगडीमागच्या टाइल्समधल्या फटी भरायला इपॉक्सी (रेझिनचं) ग्राउट घ्या. साध्या, सिमेंटच्या ग्राउटमधला हळदीचा डाग निघता निघत नाही.

शेवटी, गळती तपासायला, सिंक काठोकाठ भरून पाणी एकदम सोडा आणि खालच्या पाइपच्या प्रत्येक जोडावर कोरडा टिश्यू फिरवा.