डोळे कोरडे पडलेत? आधी शेक, मग थेंब

दुपार टळली की डोळे चुरचुरायला लागतात, आत वाळूचा कण गेल्यासारखं खुपतं, मोबाइलवरची अक्षरं धूसर होतात आणि दोन-तीनदा पापण्या मिटल्या की पुन्हा नीट दिसतात. ही कोरड्या डोळ्यांची नेहमीची लक्षणं. काहींच्या डोळ्यांतून उलट धारा लागतात. डॉक्टर ‘डोळे कोरडे आहेत’ म्हणाले की त्यांना ती थट्टाच वाटते. पण पृष्ठभाग सुकला की डोळा चिडतो आणि भसकन पाणी सोडतो. ते डोळ्यावर टिकत नाही, गालावर ओघळतं.

डोळ्यावर अश्रूंचा पातळ थर असतो. तळाशी चिकट श्लेष्मा, मध्ये पाणी आणि वर तेलाची साय. हे तेल पापण्यांच्या कडेवरच्या बारीक ग्रंथींतून येतं. ते आटलं की खालचं पाणी उडून जातं. कोरड्या डोळ्यांच्या बहुतेक रुग्णांत गडबड या तेलाचीच असते, त्यामुळे नुसते थेंब टाकत राहून भागत नाही.

१. कारण शोधा. झोपताना पंखा किंवा एसीचा झोत थेट तोंडावर येतो का? दुचाकीवर हेल्मेटची काच वर असते का? सर्दी-ॲलर्जीच्या गोळ्या चालू आहेत का? त्यांनीही डोळे सुकतात. काजळ पापणीच्या आतल्या कडेला घालत असाल तर ते नेमकं तेलग्रंथींच्या तोंडावर बसतं. चाळिशी-पन्नाशीनंतर, विशेषतः पाळी गेल्यावर, बायकांना हा त्रास जास्त होतो.

२. शेक द्या. स्वच्छ सुती रुमाल गरम पाण्यात बुडवून पिळा, मनगटाच्या आतल्या बाजूला लावून चटका बसत नाही ना ते बघा आणि मिटलेल्या डोळ्यांवर ठेवा. रुमाल दोन मिनिटांत निवतो, आणि बहुतेक जण तिथेच थांबतात. थिजलेलं तेल पातळ व्हायला आठ-दहा मिनिटं सलग ऊब लागते, म्हणून तो पुन्हा पुन्हा बुडवा. मग बोटाच्या पेराने वरची पापणी वरून खाली आणि खालची खालून वर, कडेच्या दिशेने हलकेच चोळा. बुबुळावर दाब नको. शेवटी उकळून गार केलेल्या पाण्यात कापूस भिजवून कड पुसा, पापणीच्या केसांच्या मुळाशी कोंडा असेल तर नक्कीच. सकाळ-संध्याकाळ, निदान महिनाभर. डोळ्याचं ऑपरेशन नुकतंच झालं असेल तर मात्र आधी डॉक्टरांना विचारा.

३. पापणी पूर्ण मिटा. एरवी आपण मिनिटाला पंधराएक वेळा पापणी मिटतो. स्क्रीनसमोर हे प्रमाण निम्म्याहून खाली जातं आणि तीही अर्धवट मिटते. दर वीस मिनिटांनी वीस फुटांपलीकडे वीस सेकंद बघा आणि त्याच वेळी पापण्या एकमेकींना टेकतील अशा सावकाश मिटा. स्क्रीन नजरेच्या थोडी खाली ठेवली की डोळा कमी उघडा राहतो.

४. थेंब निवडून घ्या. कार्बॉक्सिमिथाइल सेल्युलोज किंवा सोडियम हायलुरोनेट असलेले कृत्रिम अश्रू चालतात. दिवसातून चारपेक्षा जास्त वेळा लागत असतील तर प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले मागा. खालची पापणी ओढून एकच थेंब सोडा, दुसरा बाहेरच सांडतो. मग मिनिटभर डोळे मिटून बसा. लाली घालवणारे थेंब रोज वापरले की पुढे लाली वाढते. घरात उरलेले स्टिरॉइडचे थेंब तर मनाने घालूच नका, त्यांनी काचबिंदू होऊ शकतो. गुलाबपाणी, मध, एरंडेलही डोळ्यांत नको. माशाच्या तेलाच्या कॅप्सूलवर फार खर्च करू नका. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अमेरिकी चाचणीत त्या तुलनेसाठी दिलेल्या ऑलिव्ह तेलापेक्षा सरस ठरल्या नाहीत.

डोळा ठणकत असेल, उजेड सोसवत नसेल किंवा दिसणं कमी झालं असेल तर घरगुती उपायांत वेळ घालवू नका, त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे जा. डोळ्यांसोबत तोंडही कोरडं पडत असेल आणि सांधे दुखत असतील तर तेही सांगा, कारण हा शोग्रेन आजार असू शकतो, ज्यात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच अश्रू आणि लाळेच्या ग्रंथींवर उलटते. तपासणीत डॉक्टर खालच्या पापणीत कागदाची पट्टी अडकवून पाच मिनिटांत ती किती मिलिमीटर भिजते ते बघतात. पाचपेक्षा कमी म्हणजे कोरडेपणा बराच. सायक्लोस्पोरिनचे (डोळ्यातला दाह कमी करणाऱ्या औषधाचे) थेंब लिहून दिले तर सुरुवातीला आग होते आणि गुण यायला काही आठवडे, कधी महिनेही लागतात. पहिल्याच आठवड्यात बाटली बाजूला ठेवू नका.