एकाच चित्रकाराचं म्युझियम कसं बघायचं? पणजीत त्रिंदादांपासून सुरुवात करा

आमच्याकडे फोंड्याला पाहुणे आले की मंगेशी, म्हार्दोळ, जुनं गोवं आणि संध्याकाळी मिरामार हे ठरलेलंच. पणजीतल्या फोंताइन्हास या जुन्या पोर्तुगीज वळणाच्या वस्तीतही नेतो आपण, पण पिवळ्या-निळ्या भिंतींपुढे फोटो काढले की झालं, आणि त्याच वस्तीत फुंदासाव ओरिएंत या पोर्तुगीज संस्थेत चित्रकार ए. एक्स. त्रिंदादांची चित्रं आहेत हे कितीतरी जणांना माहीतच नसतं, याचं मला मनापासून वाईट वाटतं. आपल्या सांग्यात १८७० साली जन्मलेला माणूस, मुंबईला जाऊन जेजेत, म्हणजे सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकला, पुढे तिथेच शिकवलं, लोक पूर्वेचा रेम्ब्रांट म्हणायचे (रेम्ब्रांट म्हणजे उजेड-अंधारासाठी गाजलेला जुना डच चित्रकार), १९३५ साली गेले, आणि त्यांची चित्रं परत गोव्यात येऊन आपल्या इतक्या जवळ टांगलेली आहेत. तर जा, आणि जाणार असाल तर कसं बघायचं ते सांगते, मी भाचीला घेऊन तीनदा जाऊन आलेय.

आधी जायचं कसं ते पटकन. आदल्या दिवशी फोन करून वेळ विचारून घ्या, सणासुदीला आणि रविवारी तर नक्कीच. पणजी स्टँडवर उतरलात की पाटोकडून खाडी ओलांडून चालत या, गाडी आणू नका, तिथे पार्किंगसाठी फिरण्यातच अर्धा तास जातो आणि मग डोकं चित्रं बघायच्या लायकीचं राहत नाही. वही आणि पेन्सिल घ्या. पेन नको, चित्रांजवळ शाईचं काही न नेलेलंच बरं. पावसात गेलात तर छत्री दाराशीच ठेवा, ओली छत्री घेऊन आत फिरू नका, आपल्याकडच्या दमट हवेत बुरशी हा चित्रांचा सगळ्यात मोठा शत्रू आहे आणि आपण आणखी पाणी आत न्यायचं म्हणजे काय.

आता मुख्य गोष्ट. नेहमीच्या म्युझियममध्ये आपण मूर्ती बघतो, मग नाणी, मग तलवार, प्रत्येकासमोर दोन मिनिटं. एका चित्रकाराच्या म्युझियममध्ये तसं फिरलात तर पाचव्या चित्राला कंटाळा येतो, कारण सगळं सारखंच वाटायला लागतं, पुन्हा एक बाई, पुन्हा एक म्हातारा. इथे बघायचं असतं ते एका हाताचं वय. हात तोच, पण पंचविसाव्या वर्षी तो वेगळा चालतो आणि साठाव्या वर्षी वेगळा. म्हणून मी एक साधी गोष्ट करते, पाटीवर साल असेल तर त्यातून १८७० वजा करते आणि वहीत फक्त वय लिहिते. १९२० साली त्रिंदादांना बॉम्बे आर्ट सोसायटीचं सुवर्णपदक मिळालं, म्हणजे पन्नासाव्या वर्षी. हे कळल्यावर त्याच्या आधीच्या आणि नंतरच्या चित्रांकडे बघायची नजरच बदलते, आधी तो माणूस काय सिद्ध करत होता आणि नंतर काय सोडून देत होता हे शोधावंसं वाटतं. जिथे साल नाही तिथे अंदाज लिहा आणि पुढे प्रश्नचिन्ह टाका, अंदाज करताना जितकं बारीक बघणं होतं तितकं पाटी वाचून होत नाही.

पहिली फेरी मात्र काही न वाचता मारायची. दहा मिनिटं, हात मागे बांधून, कुठेही न थांबता. ज्या चित्रापाशी पाय आपोआप हळू झाले ते लक्षात ठेवा, शेवटी तिथेच परत यायचंय. दुसऱ्या फेरीत वजाबाकी. तिसऱ्या फेरीत एकच चित्र, पंधरा मिनिटं. मुलं बरोबर असतील तर तीन फेऱ्यांच्या मध्ये बाहेर एक चक्कर मारून आणा, मळ्याच्या मारुतीपर्यंत जाऊन या, मग परत आत.

ऑइल पेंटिंग बघताना बऱ्याच जणांचं एक चुकतं, समोर अगदी मधोमध उभे राहतात. वरच्या व्हार्निशवर खिडकीचा नाहीतर दिव्याचा उजेड चमकतो आणि अर्धं चित्र दिसतच नाही, मग लोक म्हणतात फार काळपट आहे. एक पाऊल बाजूला सरका, नाहीतर गुडघ्यात थोडं वाका, चमक निघून जाते. आणि डोळ्यांना वेळ द्या. बाहेरच्या उन्हातून आल्या आल्या त्या गडद पार्श्वभूमीत काही दिसत नाही, दोन-तीन मिनिटांनी त्यात तपकिरी दिसतो, मग तांबूस, मग खुर्चीची कड. चेहऱ्यावर उजेड आणि मागे अंधार ही पद्धत कळली की रेम्ब्रांटचं नाव का घ्यायचे तेही कोणी न सांगता कळतं.

मग जवळ जा, हात लागणार नाही इतकं अंतर ठेवून. एका बाईच्या अंगावरच्या पांढऱ्या कापडापाशी माझी भाची अशीच गेली आणि म्हणाली, "मावशी, यात पांढरा कुठाय?" खरंच नव्हता गं. राखाडी होता, किंचित पिवळा, घडीच्या आत निळसर, आणि अगदी खांद्यावर, जिथे उजेड पडत होता तिथे, नखाएवढा जाड पांढरा रंग, एका फटक्यात लावलेला, ब्रशच्या केसांच्या रेघा त्यात अजून दिसतात. चार पावलं मागे आलो तर परत स्वच्छ पांढरं सुती कापड. ती पाच-सहा वेळा पुढे-मागे करत राहिली, मी थांबवलं नाही. मुलांना घेऊन गेलात तर हा खेळ त्यांना सांगा, पांढरा शोधा, काळा शोधा, खरा काळाही फारसा सापडत नाही.

आणखी एक बघायचं, चित्रासाठी बसलेला माणूस पैसे देणारा आहे की घरचा. त्रिंदाद मुंबईतल्या मोठ्या लोकांची पोर्ट्रेट करून पोट भरायचे, आणि घरी बायकोला, मुलांना बसवून रंगवायचे. दोन्हीत फरक पडतो. पैसे देऊन बसलेल्याचे कपडे, अंगठी, मिश्या सगळं नीट पूर्ण करावं लागतं, तो ते मोजून घेणार असतो. घरच्या माणसाचा चेहरा मन लावून केलेला असतो आणि बाही कुठेतरी दोन फटक्यांत सोडून दिलेली असते. म्हणून चेहऱ्याआधी हात बघा. हातांची बोटं, कुठे टेकलेत, ताठ आहेत की सैल. मला तर वाटतं चित्रकाराचं त्या माणसाशी नातं काय हे हातावरूनच ओळखता येतं.

त्यांची मुलगी आंजेला, जन्म १९०९, तीही जेजेत शिकलेली चित्रकार, तिचंही काम फुंदासावकडे आहे. तिची चित्रं दिसली तर बापाच्या चित्रांनंतर लगेच बघू नका, मध्ये पाच मिनिटं बसा. सुरुवातीला बापाचं वळण दिसतं, मग ती साडीतली मारिया, म्हणजे येशूची आई, रंगवायला लागते, आणि पुढे तर सगळं त्रिकोणात मांडायला लागते. एवढ्या मोठ्या बापाच्या हाताखालून निघून स्वतःचं काही शोधणं किती अवघड असेल, तिच्याबद्दल आपल्याकडे अजून खूप बोललं जायला हवं.

ज्यांना मराठी चित्रकारांची सवय आहे त्यांनी जायच्या आधी एम. व्ही. धुरंधरांची चार चित्रं बघून जावं. ते १८६७ चे, कोल्हापूरचे, तेही जेजेचे, म्हणजे दोघांचा काळ तोच आणि शाळाही तीच. धुरंधरांकडे गर्दी, मिरवणूक, गोष्ट सांगायची हौस, आणि त्रिंदादांकडे एक माणूस खोलीत गप्प बसलेला. शेजारी दुसरा ठेवला की पहिला जास्त कळतो.

घरी आल्यावर त्याच रात्री, फोनमधले फोटो न उघडता, आठवतं ते एक चित्र वहीत काढा. चित्रकला येत नसली तरी. कुठे काय होतं ते आठवत नाही ती जागा रिकामी सोडा, पुढच्या वेळी गेलात की आधी तीच जागा बघायला धावाल. माझ्या भाचीने खुर्चीचा पाय सोडला होता.

त्रिंदाद झाले की मग पर्वरी. तिथल्या झेवियर सेंटर ऑफ हिस्टॉरिकल रिसर्चकडे आंजेलो द फोन्सेका या गोव्याच्याच चित्रकाराच्या चित्रांचा मोठा संग्रह आहे. जन्म १९०२, जुव्याचे म्हणजे सांत इस्तेव्हचे, शांतिनिकेतनला जाऊन शिकले, आणि आपल्याकडच्या बाईसारखी साडी नेसलेली मारिया रंगवली म्हणून गोव्यात बोलणी खाऊन पुण्याच्या आश्रमात राहिले, १९६७ साली तिथेच गेले. इथे बरंचसं काम पाण्याच्या रंगातलं आहे, तेव्हा वरची ऑइलची रीत चालणार नाही. चमक नसते, त्यामुळे सरळ समोर उभं राहायचं, आणि जिथे रंगच लावलेला नाही, कागद तसाच ठेवलाय, ती जागा शोधायची. वजाबाकी मात्र इथेही करा, १९०२ ने. आधी फोन करून काय बघायला मिळेल ते विचारा, कागदावरची चित्रं उजेडाने फिकी पडतात म्हणून सगळी एकदम बाहेर नसतात.

आणि घरचं कोणी गल्फात असेल, गोव्यात ते कोणाचं नसतं, तर त्यांना दोह्याला पाठवा. पंढरपूरला १९१५ साली जन्मलेल्या चित्रकार एम. एफ. हुसेनचं म्युझियम तिथे २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये सुरू झालंय, लौह वा कलम नावाचं, हुसेननेच केलेल्या स्केचवरून इमारत बांधलीय आणि आत दीडशेच्या वर कामं आहेत. तिथे एका दिवसात सगळं बघायचा हट्ट करू नये. मावसभावाला मी सांगून ठेवलंय, वही घेऊन जा, प्रत्येक सालातून १९१५ वजा कर, आणि ज्या चित्रापाशी पाय हळू झाले त्याचं फक्त वय मला व्हॉट्सॲप कर.