रिसर्च पेपरची पहिली दोन-तीन पानं लिहायला बसण्याआधी

रिझल्ट आलेत, ग्राफ काढून झालेत, गाईड रोज विचारतायत ड्राफ्ट कधी देताय, आणि इंट्रोची फाईल दोन ओळींवर अडलीय, अशांसाठी ही यादी. उदाहरणाला आपलं बुलढाण्यातलं लोणार सरोवर घेऊ, म्हणजे हवेत बोलणं नको.

सगळ्यात आधी गॅपचं वाक्य. फाईल उघडायचीच नाही, वहीत एका वाक्यात लिहा की आजवर काय कळलेलं नाही आणि त्यातलं तुम्ही काय बघितलंत. "लोणारच्या पाण्यावर फारसं काम झालेलं नाही" हे चालणार नाही, कारण भरपूर झालंय आणि रिव्ह्यूअर बहुतेक त्यातलाच कुणीतरी असतो. "गोमुखाच्या धारेजवळचं पाणी आणि मधलं पाणी यांच्या क्षारतेत पावसाळ्याआधी आणि नंतर किती फरक पडतो याची एकाच वर्षातली मोजमापं मिळत नाहीत" असं काहीतरी हवं, अर्थात ती खरंच मिळत नाहीत हे शोधून झाल्यावरच. हे वाक्य जमेना तर अजून वाचायचं बाकी आहे, लिहायचं नाही.

मग वाचन, आणि इथे वेळ गेला तरी जाऊ द्या. प्रत्येक आकड्याचा मूळ पेपर उघडून बघायचा, दुसऱ्याच्या इंट्रोतून उचललेलं सायटेशन नको. लोणारचं वयच घ्या ना, 1997 मध्ये थर्मोल्युमिनेसन्सने साधारण 52 हजार वर्षं आलं, 2011 मध्ये आर्गॉन-आर्गॉन पद्धतीने 5 लाख 70 हजारच्या आसपास, म्हणजे जवळपास अकरा पट, आणि तरी कित्येक जण यातला एकच आकडा असा टाकतात जणू दुसरा नाहीच. दोन्ही द्या, पद्धत सांगा, तुमच्या प्रश्नाला वयाने काही फरक पडत नसेल तर एका ओळीत आटपा. तेच जून 2020 मध्ये पाणी गुलाबी झालं त्याचं. वर्तमानपत्राच्या कात्रणावर थांबू नका, आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासून मीठ आवडणाऱ्या हॅलोआर्किया सूक्ष्मजीवांकडे बोट दाखवलं होतं, त्या कामापर्यंत पोचा. हे सगळं वाचतानाच झोटेरो या रेफरन्स सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये टाकत चला, फुकट आहे, शेवटच्या रात्री रेफरन्स हाताने टाईप करायची हौस कुणाला असेल तर असो.

शोधगंगा या थिसिसच्या ऑनलाइन संग्रहावर जुने थिसिस बघा, पण वाक्यं उचलू नका. यूजीसीच्या 2018 च्या नियमात 10 टक्क्यांपर्यंत सिमिलॅरिटीला, म्हणजे दुसऱ्याच्या मजकुराशी जुळण्याला, दंड नाही हे खरं, म्हणून काही जण ते 10 टक्के हक्काचे समजून वापरतात, मला ते पटत नाही. वाचून पीडीएफ बंद करायची आणि मग आपल्या भाषेत लिहायचं, एवढं साधं आहे.

आता इंट्रो. "पाणी म्हणजे जीवन" उडवा. "प्राचीन काळापासून मानव" तेही उडवा. पहिल्याच पॅरात लोणार आलं पाहिजे: बसॉल्टमधलं उल्कापाताचं विवर, व्यास सुमारे 1.8 किलोमीटर, पाणी खारं आणि अल्कधर्मी, 2020 पासून रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा. नंतर कुणी काय शोधलं, पण "अमुक यांनी हे केले, तमुक यांनी ते केले" अशी हजेरी नको, मुद्द्यानुसार गट करा, कोण कुणाशी सहमत नाही ते सांगा, आणि त्या भांडणातूनच वहीतलं गॅपचं वाक्य आलं पाहिजे. त्याखाली ऑब्जेक्टिव्ह, दोन किंवा तीन, आणि रिझल्टमध्ये ज्याचं उत्तर नाही तो ऑब्जेक्टिव्ह गाईडने सुचवलेला असला तरी काढायची परवानगी मागा.

स्टडी एरियाला गूगल अर्थचा नुसता स्क्रीनशॉट नको, नकाशावर स्केल, उत्तर दिशा, अक्षांश-रेखांश आणि सॅम्पल घेतलेल्या जागा हव्यात. लोणारची पौराणिक कथा सुंदर आहे पण इथे नाही.

ॲबस्ट्रॅक्ट सगळं झाल्यावर, त्यात किमान एक खराखुरा आकडा तुमच्या रिझल्टमधला. शीर्षक त्याच्याही नंतर, "लोणार सरोवर: एक चिकित्सक अभ्यास" यातलं "एक चिकित्सक अभ्यास" कापा आणि त्या जागी काय मोजलं ते टाका. शीर्षकातलेच शब्द परत कीवर्डमध्ये भरू नका.

जर्नल मात्र फाईल लिहायला घेण्याआधीच ठरवलेलं बरं, शब्दमर्यादा आणि टेम्प्लेट त्यावरच ठरतं. यूजीसी-केअर ही मान्य जर्नलांची यादी 2025 मध्ये बंद झाली, त्यामुळे एडिटोरियल बोर्ड, जुने अंक, फी, सगळं स्वतः तपासा, आणि "तीन दिवसांत पब्लिश करून देतो" असा व्हॉट्सॲप मेसेज आला तर ब्लॉक करा.