रिव्हर्स मॉर्गेज: सही करण्याआधी चौकडीची वही काढा

गेल्या मे महिन्यात नागपुरात मानेवाड्याला ताईकडे गेलो. कुलरमध्ये पाणी भरता भरता ती म्हणाली, "घर बँकेत ठेवून राहिली मी. महिन्याचे दहा हजार येतील." हेच रिव्हर्स मॉर्गेज: घर गहाण ठेवून त्यातच राहायचं, बँक दरमहा पैसे देते, आणि कर्जाची फेड आपल्यामागे घरातून होते. मी बँकेत कर्जाच्या टेबलावर जन्म काढला, तरी मला सगळ्यात शेवटी सांगितलं. मी "नको" म्हणालो नाही. चौकडीची वही मागितली.

तुम्हीही तेच करा. महिन्याला किती मिळणार हे बँकेचा माणूस न विचारता सांगतो, शेवटी देणं किती होणार हे आपल्याला विचारावं लागतं. यात हप्ता बँक देते, पण व्याज आपल्या खात्यावर चढतं आणि त्या व्याजावरही व्याज. दर १० टक्के धरून मी तीन ओळी लिहिल्या. ५ वर्षांनी हातात आलेले ६ लाख, देणं पावणेआठ लाख. १० वर्षांनी हातात १२ लाख, देणं साडेवीस लाख. १५ वर्षांनी हातात १८ लाख आणि देणं साडेएकेचाळीस लाख. तिसऱ्या ओळीवर ताईनं बोट ठेवलं, ते बराच वेळ उचललं नाही.

"मग मला घराबाहेर काढतील का?" सगळे हेच विचारतात, पण खरी भीती ती नाही. राष्ट्रीय आवास बँकेच्या २००७ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे, तुम्ही त्या घरात राहता आणि अटी पाळता तोवर बँकेला घर विकायला काढता येत नाही. तुमच्यामागे कर्ज फेडून घर सोडवायचा पहिला हक्क वारसांचा. घराच्या किमतीपेक्षा देणं वाढलं तरी वरची रक्कम मुलांकडून मागत नाहीत.

भीती मुदतीची आहे. ताई ६७ ची. १५ वर्षांची मुदत म्हणजे ८२ व्या वर्षी पैसे बंद, व्याज मात्र चालूच. जेव्हा घरात दिवसरात्र बाई ठेवावी लागेल, नेमके तेव्हाच खात्यात काही येणार नाही. २० वर्षांची मुदत मिळाली तर महिन्याची रक्कम कमी होते. शिवाय आजच्या दहा हजारांत किराणा आणि औषधं निघतील, दहा वर्षांनी काय निघेल ते आपणच धरून पाहावं. निदान दर ५ वर्षांनी घराचं मूल्यांकन पुन्हा होतं, त्यानंतर रक्कम बदलेल का, हे लेखी घ्या.

आता अटी. ताईच्या वरच्या दोन खोल्यांत इंजिनिअरिंगची पोरं भाड्यानं राहतात. घर किंवा घराचा भाग भाड्यानं देणं हे बँकेनं कर्ज मोडून पैसे परत मागायचं कारण होऊ शकतं, आणि "पेन्शनसारखंच आहे, काकू" म्हणणाऱ्या बँकेच्या माणसानं याचा अवाक्षरानं उल्लेख केला नव्हता! म्हणजे दहा हजार घ्यायचे आणि चालू भाडं घालवायचं. सलग वर्षभर घरात राहिलं नाही, तरी तेच. थोरल्याकडे पुण्याला गुडघ्याच्या ऑपरेशनला जाऊन तिथंच लांबलं तर? घरटॅक्स, विमा, गळणारा स्लॅब, हे सगळं वेळच्या वेळी सांभाळायचंही तुम्हीच. आणि धाकट्याला दुकानासाठी यातून पैसे देता येतील हा विचार सोडून द्या, धंद्यासाठी हे कर्ज नसतंच.

कागदांत आमची गाडी अडली. प्लॉट नासुप्रच्या (नागपूर सुधार प्रन्यास) लीजचा, लीज भाऊजींच्या नावावर. भाऊजींनी मृत्युपत्र केलं नव्हतं, त्यांची आई आधीच गेलेली. म्हणजे ताई आणि दोन मुलं, तिघांचा सारखा वाटा. "माझं घर" असं ती चाळीस वर्षं म्हणतेय, कागदावर एकतृतीयांश तिचं. आधी मुलांचं नोंदणीकृत हक्कसोडपत्र (आपला वाटा आईसाठी सोडल्याचा कागद), मग लीज तिच्या नावावर, मगच बँक. तुमच्या घराची आखीव पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड) किंवा लीजचा कागद आजच काढून नाव बघा. दोघं हयात असाल तर कर्ज दोघांच्या नावानं घ्या. एकाचं वय ६० पूर्ण हवं, जोडीदाराचं ५५. एकट्याच्या नावानं घेतलं आणि तोच आधी गेला, तर मागे राहिलेल्याचे हाल.

सही झाल्यावरही तीन कामकाजाच्या दिवसांत माघार घेता येते. ती तारीख कॅलेंडरवर गोल करून ठेवा. मुदतीआधी फेडलं तर दंड नाही, हे करारात छापलेलं आहे का तेही बघून घ्या.

ताईनं ठरवलं, ७२ व्या वर्षी पुन्हा बघू. वय वाढलं की साधारण कर्जही जास्त बसतं. तोवर हक्कसोडपत्र उरकायचं. वरच्या पोरांचं भाडं तिनं जुलैपासून पाचशेनं वाढवलं. पोरं माझ्याकडे तक्रार घेऊन आली होती.