दाव्याचा मसुदा एआयकडून घेताना: मराठवाड्यातल्या वकिलांसाठी

'शेतजमिनीच्या ताब्याचा दावा लिहून दे' एवढंच एआयला सांगितलं, तर मिनिटाभरात चार पानं हाती पडतात. भाषा गुळगुळीत, परिच्छेद क्रमवार. पण मराठवाड्यातल्या जमिनीसाठी त्यातला कायदाच चुकीचा असण्याची शक्यता मोठी असते. महाराष्ट्राचा कूळकायदा म्हटलं की यंत्र १९४८ चा मुंबई कायदा उचलतं. आपल्याकडे लागू आहे तो हैदराबाद कूळवहिवाट व शेतजमीन अधिनियम, १९५०. मसुद्यात त्या मुंबई कायद्याची ३२-ग, ४३, ८५-अ ही कलमं किंवा १ एप्रिल १९५७ चा कृषकदिन (कसणाऱ्या कुळाला मालक मानण्याचा दिवस) दिसला, की तो मसुदा बाजूला ठेवा. इथे संरक्षित कुळाच्या मालकीसाठी ३८-ई, हस्तांतरासाठी ५०-ब आणि दिवाणी कोर्टाच्या अधिकारक्षेत्रासाठी ९९ व ९९-अ बघावं लागतं. इनाम जमिनीचंही तसंच, तिथेही हैदराबादचे स्वतंत्र कायदे आहेत.

म्हणून कायदा यंत्राला विचारू नका, तुम्ही त्याला द्या. लागू कलमाचा पूर्ण मजकूर चिकटवा आणि 'याच्याबाहेरचं एकही कलम घालू नकोस' असं स्पष्ट लिहा.

त्याआधी कागद साफ करा. पक्षकाराचं नाव, गाव, गट नंबर, आधार, मोबाइल सगळं काढून 'वादी', 'प्रतिवादी १', 'गट क' असं लिहा. पक्षकाराने विश्वासाने सांगितलेलं गुप्त ठेवण्याचं बंधन भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम १३२ ने वकिलावर घातलं आहे, आणि फुकटच्या अ‍ॅपमध्ये टाकलेला मजकूर कुठे साठतो यावर आपला ताबा नसतो. पॉक्सो (बालकांवरील लैंगिक अत्याचाराचा कायदा) किंवा बलात्काराच्या प्रकरणात पीडितेची ओळख पटेल असा एक शब्दही बाहेर जाऊ देऊ नका.

पहिल्या फेरीत मसुदा मागू नका, तारखांची यादी मागा: तारीख, घटना, कोणत्या कागदावरून, पान कितवं. सातबारा, फेरफार आणि खरेदीखत यांच्या तारखा एकमेकींशी जुळत नसतील तर ते इथेच उघडं पडतं. या कामात एआय खरोखर उपयोगी आहे, ज्युनिअरचा अर्धा दिवस वाचतो. निजामकाळातले कागद असतील तर फसली सनाकडे, म्हणजे तेव्हाच्या महसुली वर्षाकडे, लक्ष द्या. महिना पाहून ५९० किंवा ५९१ मिळवले की इसवी सन येतो. यंत्र कधी कधी फसली सनाला हिजरी समजून हिशेब करतं आणि मुदतीचा सगळा मुद्दा कोलमडतो. घसटलेल्या उर्दू हस्ताक्षराचं वाचन तर यंत्रावर सोडूच नका, जाणकार अनुवादकाकडून करून घ्या.

यादी पक्की झाली की एकेक परिच्छेद लिहून घ्या. चतुःसीमा आणि हेक्टर-आर मात्र स्वतः, मूळ कागद समोर ठेवून भरा. यंत्र आर आणि गुंठे यांची गल्लत करतं.

उच्च न्यायालयाच्या खंडपीठासाठी इंग्रजी अनुवाद करताना बोलीतले शब्द आधी अर्थासह लिहून द्या. 'भाया' म्हणजे नवऱ्याचा थोरला भाऊ. यंत्राने त्याचा नुसता 'भाऊ' केला तर फिर्यादीचा स्वतःचा भाऊ आरोपी होऊन बसतो. 'धुरा' म्हणजे शेताचा बांध. सगळ्यात घातक शब्द 'बटई', म्हणजे पीक वाटून घेण्याच्या बोलीवर शेत कसायला देणं. त्याचं सरळ 'टेनन्सी' (कूळवहिवाट) झालं आणि तसंच दाव्यात गेलं, तर मालकानेच समोरच्याला कूळ मानल्यासारखं होतं. असं विधान नंतर मागे घेणं फार अवघड जातं.

आता निवाडे. २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या कोर्टात वकिलांनी चॅटजीपीटीने रचलेले खटले दाखल केले आणि ५,००० डॉलर दंड भरला. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने आयकराचा एक आकारणी आदेश रद्द केला, कारण त्यात आधाराला घेतलेले निवाडे अस्तित्वातच नव्हते. यंत्र खोटं बोलायचं म्हणून बोलत नाही. पुढचा संभाव्य शब्द जुळवणं हेच त्याचं काम, त्यामुळे पक्षकारांची नावं, वर्ष, पान हे सगळं खऱ्यासारखंच बाहेर येतं. प्रत्येक निवाडा ई-एससीआर (सर्वोच्च न्यायालयाचे निवाडे मिळण्याची ऑनलाइन जागा) किंवा उच्च न्यायालयाच्या संकेतस्थळावर उघडा. औरंगाबाद खंडपीठाच्या तटस्थ उद्धरणात, म्हणजे कोर्टानेच निवाड्याला दिलेल्या क्रमांकात, 'बीएचसी-एयूजी' अक्षरं असतात, तिथून सुरुवात करा. निवाडा सापडला म्हणजे काम झालं असं नाही. नाव खरं आणि तत्त्व मात्र रचलेलं, हा प्रकार जास्त फसवा. यंत्राने सांगितलेला परिच्छेद क्रमांक काढून तो वाचा, मग हा निवाडा पुढे रद्द झाला किंवा बदलला गेला आहे का ते बघा.

फौजदारीत १ जुलै २०२४ ही तारीख डोक्यात ठेवा. गुन्हा त्याआधीचा असेल तर भारतीय दंड संहिता, नंतरचा असेल तर भारतीय न्याय संहिता. ४८२ हा आकडा विशेष फसवतो. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत तो उच्च न्यायालयाच्या अंगभूत अधिकारांचा होता, नव्या नागरिक सुरक्षा संहितेत तो अटकपूर्व जामिनाचा आहे आणि अंगभूत अधिकार ५२८ मध्ये गेले. व्हॉट्सअ‍ॅपच्या पुराव्यासाठी यंत्र अजूनही जुन्या पुरावा कायद्यातल्या ६५-ब चं प्रमाणपत्र लिहून देतं. आता साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३(४) खाली दोन भागांचं प्रमाणपत्र लागतं आणि त्यात हॅश मूल्य (फाइलची डिजिटल ओळखखूण) लिहावं लागतं.

सत्यापनाआधी, म्हणजे मजकूर खरा असल्याची पक्षकाराची सही घेण्याआधी, पूर्ण दावा पक्षकाराला मराठीत, त्याच्या बोलीत वाचून दाखवा. 'असं मी म्हणलंच नव्हतं' हे वाक्य उलटतपासणीत निघण्यापेक्षा तुमच्या टेबलावर निघू द्या. ज्या निवाड्यांवर भर आहे त्यांचं पहिलं पान आणि संबंधित परिच्छेदाचं पान छापून, तपासणाऱ्याची सही व तारीख टाकून फाइलला लावा.